दांडिया बाजारातील जुन्या घराचे नवे वायरिंग: एका ठेकेदाराच्या कामाचा अनुभव

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमचे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले आहे. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे अंगण, वर तीन खोल्या. त्यांपैकी दोन खोल्या 1998 साली नव्याने वाढवल्या. साहजिकच या घरात विजेच्या तारा एकाच वेळी पडलेल्या नाहीत. माजघर आणि जिना यांत सागवानी पट्टीवर टिनच्या क्लिपांनी बसवलेली, वर सुती वेष्टण आणि आत रबर असलेली तांब्याची तार होती. स्वयंपाकघर आणि ओटीत नंतरच्या काळातील अ‍ॅल्युमिनियमची तार होती. वरच्या दोन खोल्यांत भिंतीच्या आत प्लास्टिकच्या पाइपातून नेलेली, पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार होती. गेल्या वर्षी या सगळ्याचे काम आम्ही रावपुरा टॉवरजवळ लहानसे दुकान असलेल्या एका परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतले. त्यांच्याकडे दोन वायरमन, एक मदतनीस आणि मापनाची कामे पाहणारा त्यांचा पुतण्या एवढीच माणसे आहेत. हातातली कामेच पुरी होत नाहीत, म्हणून नाव लिहू नका असे त्यांनीच सांगितले आहे, आणि ती विनंती मी पाळते आहे. तरीही हा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या घरात नवे काम काढले की 'चांगली तांब्याची तार आहे, ती काढून नव्या पाइपात घालू' ही सूचना जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी करतेच. आमच्याकडे ती मी स्वतः केली होती.

काम काढण्याचे कारण असे घडले. मे महिन्यातील एका दुपारी देवघराच्या वरच्या माळ्याकडून जळक्या रबराचा वास येऊ लागला. त्या वेळी स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी चालू होती. मुख्य स्विच बंद करून माळ्यावरची डबी-बुट्टी खाली काढली, तेव्हा भिंतीतील एका लाकडी पेटीचे झाकण करपून तपकिरी झालेले दिसले. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघराचा ओटा बदलला होता. त्या वेळच्या वायरमनने माजघरातून निघालेली जुनी तार वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या नव्या बोर्डासाठी वापरली होती. तार पुरली नाही, म्हणून त्याने तिला मधेच अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा तुकडा हाताने पिळून जोडला, वर काळी टेप गुंडाळली आणि ती पेटी माळ्याच्या मागे झाकून टाकली. त्या दिवशी ती टेप कडक होऊन तिचे पापुद्रे सुटत होते. आत अ‍ॅल्युमिनियमच्या टोकावर पांढरी भुकटी साचली होती, आणि तांब्याचे टोक निळसर काळे पडले होते. पाचशे रुपयांची तार वाचवण्यासाठी केलेल्या त्या एका जोडावर आमचे स्वयंपाकघर इतकी वर्षे चालले होते. त्या वायरमनने वाईट हेतूने काही केले असे मला वाटत नाही, कारण काटकसर त्याने आमच्याच सांगण्यावरून केली होती.

एवढे पाहूनही ठेकेदारांकडे गेले, तेव्हा माझी पहिली सूचना तीच होती. वरच्या खोल्यांची तार तर चांगल्या कंपनीची आणि तांब्याची आहे, ती ओढून काढा आणि खाली वापरा, म्हणजे तेवढा खर्च वाचेल, असे मी म्हणाले. त्यांनी लगेच नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. "आधी उघडून बघू, मोजू, मग बोलू," एवढेच ते बोलले. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटली. त्याआधी दोघांना दाखवले होते. त्यांपैकी एकाने दारातूनच 'सगळे बदलावे लागेल' असे सांगून एक आकडा दिला. दुसऱ्याने दारातूनच 'काही होत नाही, एवढा जोड नवा करून देतो' असे सांगून दुसरा आकडा दिला. दोघांपैकी एकानेही बोर्डाचा एक स्क्रू उघडला नव्हता.

तपासणीला त्यांनी पुरा एक दिवस घेतला आणि त्याचे वेगळे अडीच हजार रुपये आकारले. काम त्यांनाच दिल्यावर ही रक्कम अंतिम बिलातून वजा झाली. पुतण्याने प्रत्येक सर्किट वेगळे केले. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज यांच्या पिना आणि जोडण्या सोडवल्या आणि मग मेगर लावला. हे यंत्र तारेवर 500 व्होल्टचा दाब देऊन आवरणातून किती प्रवाह झिरपतो ते मोजते. घरगुती 230 व्होल्टच्या वायरिंगसाठी तार आणि जमीन यांच्यामध्ये निदान 1 मेगाओहम अवरोध मिळायला हवा. वरच्या 1998 सालच्या खोल्यांत काटा 200 च्या पुढे गेला. ओटीत 3 आला. माजघरात सव्वा आला, आणि स्वयंपाकघरात 0.2. प्रत्येक आकडा त्याने मला यंत्रावर दाखवला आणि मग वहीत लिहिला. माजघराचा सव्वा पाहून मी म्हणाले, की हा तर चालण्याच्या मर्यादेत आहे. त्यावर त्याने पट्टीवरची एक क्लिप उघडून तारेचे टोक हळूच वाकवले. वरचे सुती वेष्टण तसेच राहिले, पण आतले रबर खारीसारखे तुटून त्याच्या तळहातावर पडले आणि तांबे उघडे झाले. तो म्हणाला, "बेन, मेगर आजचं सांगतो. हात लावल्यावर काय होईल ते मेगर सांगत नाही."

या एका वाक्याने मला पुढचे सगळे समजले. तार जागेवर आहे तिथे मोजून राहू देणे ही एक गोष्ट आहे. तीच तार ओढून काढून दुसऱ्या पाइपात घालणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. पहिल्या बाबतीत जे मोजले तेच पुढे वापरात राहते. दुसऱ्या बाबतीत मोजलेली तार आणि वापरात आलेली तार एक राहत नाही. ओढताना ती पाइपाच्या कोपऱ्यांवर घासते, जुन्या प्लास्टरच्या कडांवर सोलवटते, आणि वर्षानुवर्षे एका वळणात बसलेले आवरण सरळ करताना त्याला बारीक तडे जातात. टर्मिनलमध्ये दाबली गेलेली टोके कापावी लागतात, त्यामुळे प्रत्येक तार वीतभर तरी आखूड होते. नव्या जागेचे अंतर जुन्या तारेच्या लांबीला क्वचितच जुळते, आणि मग जोड येतो. जोड बोर्डात किंवा उघडता येणाऱ्या पेटीत, कनेक्टर लावून केला तर तो तपासता येतो. पाइपाच्या आत केलेला जोड मात्र कुणाला दिसत नाही, आणि नेमका तिथेच तो केला जातो, कारण तिथे तो लपतो. आमच्या देवघरावर घडले ते हेच.

ठेकेदारांनी यापुढे जी माहिती दिली ती मी थोडी विस्ताराने लिहिते, कारण दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा या भागांत आमच्यासारखीच घरे पुष्कळ आहेत. जुन्या रबरी तारेचा दोष वर सांगितला. अ‍ॅल्युमिनियमचा दोष वेगळा आहे. त्याची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार तांब्याइतका भार उचलत नाही. हवेत त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर लगेच बसतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय हा धातू मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू दबून पसरतो आणि घट्ट केलेला स्क्रू काही वर्षांनी सैल पडतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. तांब्याशी थेट पिळला आणि थोडी ओल मिळाली, तर दोन धातूंच्या संपर्काने तो आणखी लवकर खराब होतो. दोन-चार वेळा वाकवलेली अ‍ॅल्युमिनियमची एकेरी तार आवरणाच्या आत मोडते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. ओटीतील तारेचा अवरोध 3 मेगाओहम आला असूनही ती काढण्याचा सल्ला त्यांनी दिला, त्याचे कारण हे होते.

जाडीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या तारा 1/18, 3/22, 3/20 अशा मापांत मिळत. त्यांतील पहिला आकडा तारेतील धाग्यांची संख्या सांगतो आणि दुसरा त्या धाग्याचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक. आताच्या चौरस मिलिमीटरच्या हिशेबात 3/22 ची तार सुमारे 1.2 भरते आणि 3/20 ची सुमारे 2. माजघरातल्या दोन दिव्यांना आणि एका पंख्याला तेवढी पुरेशी होती. आता 2000 वॅटची इंडक्शन शेगडी किंवा तेवढ्याच क्षमतेचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, आणि तोही बराच वेळ. पीव्हीसी आवरणाच्या साध्या तारेतील धातूचे तापमान 70 अंश सेल्सिअसपर्यंतच राहावे असे मानक आहे. वडोदऱ्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय तापते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तार आधीच त्या उष्णतेत बसलेली असते आणि त्यात भाराची उष्णता मिळते.

सर्वांत दुर्लक्षित बाब अर्थिंगची आहे. आमच्या खालच्या मजल्यावर प्रत्येक बोर्डाला दोनच तारा येत होत्या, वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. तीन पिनांचे सॉकेट बसवलेले होते, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे काहीच नव्हते. स्वयंपाकघरात एक हिरवी तार होती, तिचा माग काढला तर ती मोरीतील लोखंडी नळाला बांधलेली निघाली. पूर्वी हे सर्रास चालत असे, कारण नळ लोखंडी होता आणि जमिनीत दूरवर जात होता. आम्ही आठ वर्षांपूर्वी नळाची लाइन प्लास्टिकची केली. त्या दिवशी नळासोबत घराचे अर्थिंगही गेले, आणि हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आले नाही. फ्रिजला हात लावला की कधीमधी हाताला मुंग्या येतात असे सासूबाई म्हणत, ते आम्ही त्यांच्या वयावर घालत असू. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. तपासणीनंतर त्यांनी जो आराखडा दिला तो मला न्याय्य वाटला. खालचा सारा मजला आणि जिना यांचे वायरिंग नवे करायचे. वरच्या दोन खोल्यांतील 1998 सालची तार मात्र ओढायची नाही, ती आहे तिथेच राहू द्यायची, पण फक्त दिवे आणि पंखे यांच्यासाठी. वातानुकूलन यंत्र आणि गीझर यांना डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून, स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तार न्यायची. त्या जुन्या पाइपात पुरेशी जागा असल्याने हिरवी अर्थची तार नव्याने ओढायची. पाइपात नवी तार घालताना जुन्या तारेला इजा झाली नाही ना, हे पाहण्यासाठी काम झाल्यावर पुन्हा मेगर लावायचा. तो त्यांनी लावला, आणि आकडा पहिल्याइतकाच आला. ज्याला जुनी तार सरसकट फेकायची आहे आणि ज्याला ती सरसकट वापरायची आहे, अशा दोघांहूनही हा निर्णय वेगळा होता. तो मोजमापावर उभा होता, म्हणून मला पटला.

तार निवडतानाही त्यांनी घाई केली नाही. आपल्या शहराजवळच वाघोडिया आणि हालोल इथे तारांचे मोठे कारखाने आहेत, आणि मकरपुऱ्यात 1974 पासून विद्युत सामग्रीची चाचणी करणारी एर्डा ही संस्था आहे. असे असूनही बाजारात वजनाला हलकी, लांबीला कमी अशी तार मिळतेच. त्यांनी आणलेल्या प्रत्येक कॉइलवर आयएसआयचे चिन्ह, आयएस 694 हा मानक क्रमांक आणि 90 मीटर ही लांबी छापलेली आहे, हे त्यांनी मला उघडण्याआधी दाखवले. त्यांनी एक सोपी परीक्षाही सांगितली. दीड चौरस मिलिमीटरच्या 90 मीटर कॉइलमध्ये नुसते तांबेच सुमारे 1.2 किलो असायला हवे, म्हणून कॉइल हातात घेताच हलकी वाटली तर ती घ्यायची नाही. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा हा नियम त्यांनी शेवटच्या बोर्डापर्यंत पाळला. आमच्या जुन्या कामात फेजही काळा होता आणि न्यूट्रलही काळाच होता.

एका अडचणीवर त्यांनी जे कौशल्य दाखवले ते नमूद करायलाच हवे. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून नवा डीबी बसवला आणि दोन्ही मजल्यांना 30 मिलिअँपिअरचे एक-एक आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे झिरपू लागली की आपोआप पडून ती तोडणारे यंत्र, लावले. पहिल्याच संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी पडू लागले. आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झाले होते, आणि तिथल्या वायरमनने आरसीसीबी 'खराब' ठरवून सरळ काढून टाकला होता. इथे पुतण्याने सांगितले की यंत्रात दोष नाही, तारेत आहे. आरसीसीबी एकच गोष्ट पाहतो, गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह सारखा आहे की नाही. जिन्याचा दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लागतो. त्याची फेज वरच्या मजल्याच्या सर्किटमधून येत होती, पण जवळ पडते म्हणून न्यूट्रल मात्र कधीतरी कोणीतरी खालच्या सर्किटमधून घेतले होते. वरच्या आरसीसीबीला वाटे प्रवाह गेला तो परत आला नाही, आणि खालच्याला वाटे न गेलेला प्रवाह परत आला. जिन्यातील तार त्यांनी त्या दिवसापुरती राखून ठेवली होती, कारण तिथली झिरी दुसऱ्या दिवशी पाडायची होती. नवी तार पडताच ही अडचण संपली. जुनी तार नव्या यंत्रांशी का जुळत नाही, हे मला तोपर्यंत कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

अंगणात नवी अर्थची प्लेट पुरली. आधीच्या नळाला बांधलेल्या तारेवर यंत्राने काहीच दाखवले नव्हते. नव्या प्लेटचे माप 2.6 ओहम आले. फ्रिजला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या गेल्या. मी सासूबाईंना फ्रिजजवळ नेऊन त्यावर हात ठेवायला सांगितला, तेव्हा त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि "आता बरं वाटतं गं," एवढेच म्हणाल्या.

खर्चाचा हिशेब स्पष्ट मांडते. एकूण बिल 1 लाख 32 हजार रुपये झाले. त्यात चौदा कॉइल तारेचे 33 हजार, म्हणजे चौथा भाग. उरलेले पैसे झिरी पाडणे, पाइप, बोर्ड, स्विच, डीबी, अर्थिंग आणि मजुरी यांत गेले. मी सांगितल्याप्रमाणे वरची जुनी तार काढून खाली घातली असती, तर दोन-तीन कॉइल वाचल्या असत्या, म्हणजे फार तर सहा हजार रुपये. भिंत फोडण्याचा, पाइप घालण्याचा आणि प्लास्टरचा खर्च मात्र तेवढाच आला असता, आणि ती तार दहा वर्षांनी बदलायची वेळ आली असती तर तोच खर्च पुन्हा करावा लागला असता. हे गणित त्यांनी मला कागदावर मांडून दाखवले. मी बँकेत तीस वर्षे हिशेब पाहिले आहेत, आणि या मांडणीत मला कुठेही ओढूनताणून बसवलेले काही दिसले नाही.

निघालेल्या तारेचा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने सोडवला, त्यामुळे त्यांच्याविषयीचा आदर वाढला. काढलेली तार वायरमन घेऊन जातात असा रिवाज आहे. यांनी ती गोणीत भरून आमच्या ओटीवर ठेवली आणि 'ही तुमची' असे सांगितले. सोबत एक विनंती केली, की भंगारवाल्याला देण्याआधी तिचे हात-हात लांबीचे तुकडे करू द्या. अखंड तार भंगारात गेली तर ती तिथून स्वस्तात उचलून कुणाच्या तरी घरात पुन्हा घातली जाते, आणि ते घर कुणाचे हे आपल्याला कधी कळत नाही, असे ते म्हणाले. मदतनिसाने दोन तास बसून ते तुकडे केले, आणि त्याचे पैसे बिलात लावले नाहीत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बारा दिवसांचे काम एकोणीस दिवस चालले. मधे नवरात्र आले. गरब्यामुळे संध्याकाळी सहानंतर माणसे थांबणार नाहीत हे वडोदऱ्यात राहणाऱ्याला समजते, पण ते आधी सांगितले असते तर आम्ही सासूबाईंना त्या काळात दिराकडे पाठवले असते. पाच दिवस खालच्या मजल्यावर एकाच बोर्डावर पंखा आणि फ्रिज चालवावे लागले. झिऱ्या बुजवण्याचे काम ओबडधोबड झाले. माजघराच्या भिंतीवर आजही हात फिरवला तर उंचवटा लागतो, आणि रंगाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे घेतले. ठरवताना पांढऱ्या स्विचचा एक नमुना दाखवला होता, प्रत्यक्षात दुसरा आला. तो दर्जाने तसाच असेल, पण विचारायला हवे होते. सर्किटांचा नकाशा मी दोनदा मागितल्यावर मिळाला आणि तो फक्त गुजरातीत होता. सासूबाईंना वाचता यावा म्हणून मी विनंती केल्यावर डीबीच्या दारावर 'ओटी', 'माजघर', 'देवघर', 'वरची पुढली खोली' अशा मराठी चिठ्ठ्या पुतण्याने स्वतः लिहून चिकटवल्या.

भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तो त्यांनी सहीशिक्क्यासह दिला. अहवालातील आकडे प्रत्यक्ष मोजलेले होते, हे मी जातीने सांगू शकते, कारण प्रत्येक आकडा मोजताना मी तिथे उभी होते. अनेक ठिकाणी हा अहवाल वायरिंग न पाहताच भरला जातो, असे ठेकेदार म्हणाले, आणि ते ऐकून मला फार अस्वस्थ वाटले. या कागदावरच्या एका आकड्याच्या भरवशावर माणसे रात्री झोपतात.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा समा भागातील माझ्या नणंदेच्या घरात खालचे सगळे सॉकेट बुडाले होते. आमचे काम पाहून तिने याच ठेकेदारांना बोलावले. तिच्याकडे तार फक्त पाच-सहा वर्षांची होती, म्हणून ती बदलावी लागणार नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी तिथेही आधी मोजले. पाइपात गाळाचे पाणी अडकून राहिलेल्या दोन सर्किटांत अवरोध अगदीच कमी आला, आणि ती तार काढून पाइप धुऊन नवी घालावी लागली. बाकीची तार राहिली. बुडालेले एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे स्विच), आरसीसीबी आणि सॉकेट मात्र त्यांनी सरसकट बदलले, कारण वरून कोरडी दिसणारी यंत्रे आत गाळाने अडखळतात आणि ऐन वेळी पडत नाहीत. तार किती जुनी आहे यापेक्षा तिच्यावर काय काय गुजरले आहे हे पाहण्याची त्यांची पद्धत मला तिथे पुन्हा दिसली.

ज्यांना दोन दिवसांत आणि कमीत कमी पैशात काम उरकायचे आहे, त्यांनी या ठेकेदारांकडे जाऊ नये, कारण ते तसे काम घेतच नाहीत. जुने घर आहे, भिंतीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि जे चांगले आहे ते उगाच फेकायचेही नाही, अशा कुटुंबांना मी त्यांच्याकडे जाण्याचा आग्रह करीन. कामाआधी मुदत, स्विचचा प्रकार आणि प्लास्टर कोणी करायचे हे लेखी घ्यावे. तपासणीच्या वेळी घरातील एका माणसाने पूर्ण वेळ तिथे उभे राहावे. नंतर महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबतो.

आमच्याकडे एक काम राहिले आहे. अंगणातील पाण्याच्या पंपाला जाणारी जुनी लाइन जमिनीखालून गेली आहे, आणि ती उकरण्यासाठी तुळशीवृंदावनाची एक बाजू उतरवावी लागणार आहे. ते दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. तोपर्यंत ठेकेदारांनी ती लाइन डीबीतून सोडवून तिच्या टोकांना टोप्या घालून ठेवल्या आहेत, आणि आम्ही टाकीचे पाणी शेजारच्या काकांच्या पंपावरून नळी लावून भरतो आहोत.